गोव्यातल्या गाड्या, चलानं आणि "खंयचो तूं?" : तुमचे अनुभव लिहा

हिरवी_मिरची

दोन महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतली. जीए ०३, पांढरी, नऊ वर्षांची. विकणारा बोलायला मध. "एकच मालक, म्हापशातले डॉक्टर, घर ते दवाखाना, बाकी कुठे नाही." मी मान डोलावली, कारण बायको एव्हाना आत बसून आरसा खालीवर करत होती.

पहिल्याच शुक्रवारी गाडी म्हापशाच्या बाजाराला नेली. डिकी उघडून पिशव्या ठेवतोय, तर सत्तरी तालुक्यातून भाजी घेऊन येणारी एक बाई टोपलीवरून मान वर करून म्हणाली, "आरे, ही हांगा कशी? ही आमच्या वाड्यार आसली!" मागच्या दारावर चरा आहे, तो कोणाच्या फाटकाला घासून पडला तेही तिने सांगितलं. डॉक्टरांचा विषय निघालाच नाही.

२०११च्या जनगणनेत गोव्यात १४.५८ लाख माणसं होती, आज नोंदलेल्या गाड्या त्याहून जास्त आहेत. तरी प्रत्येक गाडीला ओळखणारं कोणीतरी भेटतंच. तर गाडी घेताना, चालवताना, पोलिसाने बाजूला घ्यायला लावल्यावर काय काय झालं ते लिहा. अटी दोनच. शोरूमचं किंवा पोलिसाचं नाव नको, आणि "आमच्या पुण्यात" अशी सुरुवात नको.

कोथरूड_ते_कोलवा

आमच्या पुण्यात हॉर्न वाजला की माणूस आणखी हळू चालतो. इथे हॉर्न वाजला की मागे वळून हात करतो, त्याला वाटतं ओळखीचं कोणीतरी आहे. सहा वर्षं झाली, आता मीही हात करतो. समोरचा कोण ते माहीत नसतं.

फिटर_कुडचडे

धागाकर्त्यांनी गाडी घेण्याआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. वीस वर्षं गॅरेजात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोव्यात जुनी गाडी बघताना किलोमीटर शेवटी बघायचे. आधी बघायचं ती राहिली कुठे. किनाऱ्यावरच्या गाडीला वरून चकाकी असते आणि खालून पापड. दाराखालची पट्टी बोटाच्या पेराने वाजवत जा. टण् वाजलं तर पत्रा, धप् वाजलं तर आत लांबी भरलेली. मग डिकीतली मॅट काढा, स्टेपनी बाहेर घ्या आणि खालच्या खड्ड्यात हात फिरवा. विकणारा सगळं पुसतो, स्टेपनीखालचं पुसत नाही.

आमच्या खाणपट्ट्यातल्या गाडीची खूण वेगळी. दाराचं रबर ओढून आतली बाजू बघा. तांबडी धूळ बसलेली असेल तर गाडी सांगे, कुडचडे, धारबांदोडा या भागात टिप्परच्या मागून फिरली आहे. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा टिप्पर अंगणात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. त्या वर्षांत कर्ज फेडायला लोकांनी घरच्या गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या. मी स्वतः त्यातल्या काहींचे सौदे जमवलेत. त्याबद्दल अजून बरं वाटत नाही.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. गाडी "फारशी फिरलीच नाही" म्हणतात आणि टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी लहान, तर विचारायचं की पहिले टायर कुठे झिजले.

आता मुद्द्याचं. हिरवी_मिरची, गाडी सत्तरीत होती म्हणता, पण कधी? २०२१च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला होता. तुमच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. गाडी धुणारा सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण पट्ट्याचा गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही.

हिरवी_मिरची

आता ऑफिसात आहे. तुम्ही माझी दुपार घालवलीत.

एमएच०७_रोजची

सावंतवाडीहून रोज मोपा विमानतळावर कामाला येतो. २०२३च्या जानेवारीत तिथून उड्डाणं सुरू झाली तेव्हापासून सीमेवरचा पत्रादेवी नाका दिवसातून दोनदा. सुरुवातीच्या दिवसांत एमएच ०७ दिसली की शिट्टी वाजायची, पुढची जीए ११ डुलत डुलत निघून जायची. मी रोज कागद काढायचो, रोज मनात चार शब्द बोलायचो.

एक दिवस शिपायाने विचारलंच, "खंयचो तूं?" मी गाव सांगितलं. त्याने आजोळ विचारलं. त्याची आजी आमच्या शेजारच्या गावची निघाली. मग तिच्या घराच्या मागचं आंब्याचं झाड आहे की पाडलं, विहिरीचा वाद मिटला का, सगळं झालं. टपरीवर चहा झाला, पैसे त्याने दिले. मी किल्ली फिरवणार इतक्यात तो म्हणाला, "पीयूसी दाखवायची राहिली." पीयूसी बारा दिवसांपूर्वी संपली होती. चलान फाडलं! वर म्हणाला, "आजीक सांगतां तूं मेळ्ळो म्हणून."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या दिवसापासून मात्र शिट्टी बंद आहे, नुसती मान हलते.

नियमवाला

वरच्या सदस्यांची गाडी रोज महाराष्ट्रात परत जाते, त्यामुळे त्यांचं ठीक आहे. पण बाहेरच्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नोंदणी बदलावी लागते. आधीच्या राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८. मालक बदलत असेल तर २९ आणि ३० वेगळे. २९ आणि ३०वर सही करून "तारीख नंतर टाकू" म्हणणाऱ्याला गाडी विकू नका. उद्या त्या गाडीने कोणाला ठोकलं तर नोटीस तुमच्या दारात येईल.

उलटा प्रकारही आहे. कर्नाटकात रोड टॅक्स आपल्यापेक्षा चांगलाच जास्त, म्हणून बेळगावच्या मेव्हण्याला अचानक गोव्याचा पत्ता हवा असतो. गाडी नेतो चोर्ला घाटातून वर, आणि विम्याची, दंडाची पत्रं येतात आपल्याकडे. माझ्याकडे आलीत, तीन.

तिस्कावरची

मी लिहू की नको असं चाललं होतं. माझा मुलगा सोळा वर्षांचा. "गावातल्या गावात" म्हणून स्कूटर घेऊन ट्यूशनला जायचा. मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, शेजारी कदंब बसच्या स्टॉपवर उभे असायचे त्यांनाही माहीत होतं.

एका संध्याकाळी बघते तर आमच्याच वाड्यावर राहणारा पोलीस पुढे चालतोय आणि मागे मुलगा स्कूटर ढकलत येतोय. किल्ली पोलिसाच्या खिशात. सगळा वाडा व्हरांड्यात आला. पोलीस आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, आज मी होतो. उद्या दुसरा असेल." किल्ली टेबलावर ठेवून गेला. आवाज चढवला असता तरी चाललं असतं, भांडता तरी आलं असतं.

नियमवाला

त्यांनी उपकार केले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पंचवीस हजार दंड, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कायद्यातली दुरुस्ती २०१९ची. वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२पासून आले, त्यामुळे इथे मध्ये अडीच वर्षं लोकांना वाटत होतं की ते दुसऱ्यांसाठी आहे.

तिस्कावरची

आता तो बसने जातो. पोलिसाकडे चतुर्थीला नेवऱ्यांचा डबा पाठवला, त्याने डबा रिकामा परत पाठवला नाही, करंड्याचे लाडू घालून पाठवला.

आजोबा_पर्वरी

वय ७८. नातीला सांगून लिहून घेतोय.

पोर्तुगालने १९२८ साली गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूला नेल्या. गोव्यात मात्र डावी बाजूच राहिली, कारण शेजारी इंग्रजांचा मुलूख डावीकडून चालायचा. नात म्हणते हे खोटं आहे. खोटं नाही. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या टॅक्सीत मर्सिडीज होती, डिझेलची, काळी. आज ज्या गाडीपुढे उभं राहून लोक फोटो काढतात, तिच्या मागच्या सीटवर आम्ही सहा जण आणि फणस असे कवळ्याच्या जत्रेला गेलोय.

माझी स्वतःची पहिली गाडी मारुती ८००. पैसे भरले आणि वाट बघत बसलो. गाडी आल्याची चिठ्ठी मिळाली ती १९८६च्या जुलैत. त्याच महिन्याच्या ५ तारखेला मांडवीचा पूल पडला होता. गाडी पणजीत, मी पर्वरीत, मध्ये नदी. ताबा घेतला, हार घातला आणि तिला नेलं ते सरळ फेरीबोटीच्या रांगेत. साडेतीन तास उभे होतो, भर पावसात. गाडी नवी, मी नवा, समोर फेरीची ओली फळी. फेरीवरचा खलाशी बॉनेटवर थाप मारत ओरडत होता, "ल्हवू ल्हवू, भट मामा!" मी भट नाही. नव्या गाडीवरच्या त्या थापा माझ्या छातीवर पडत होत्या. घरी पोचलो तेव्हा मीटरवर सात किलोमीटर झाले होते आणि मला ताप होता.

जायांची_माळ

आजोबा, ती फळी अजून तशीच आहे! मी चाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. सासर दिवाडीला, म्हणजे फेरीशिवाय सुटका नाही. शिकवणाऱ्याने क्लच, ब्रेक, आरसा सगळं शिकवलं, फळी शिकवली नाही. ओहोटीला उतार इतका की समोर नुसतं आकाश दिसतं. पहिल्यांदा गाडी बंद पडली, मागे सरकली, आणि मागच्या टेम्पोवाल्याने उतरून माझ्या चाकामागे नारळ ठेवला. दगड सापडला नाही म्हणाला. त्याच्या टेम्पोत नारळच होते.

पिवळा_मडगार्ड

माझे वडील मडगावात पायलट होते. बाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारे, पिवळ्या मडगार्डवाले. गिऱ्हाइकाची बॅग पुढे टाकीवर घ्यायची, पाय फाकवून. तीस वर्षं तसंच बसल्यामुळे ते घरात खुर्चीवरही तसेच बसायचे. त्यांना एकच चलान झालं, तेही माझ्या लग्नाच्या दिवशी, हेल्मेटखाली पगडी बसेना म्हणून.

माजी_सेंटिनल

नाव लपवून लिहितोय, कारणं कळतीलच. २०१७च्या शेवटी पोलिसांनी "ट्रॅफिक सेंटिनल" योजना काढली होती: नियम मोडणाऱ्याचा फोटो काढून पाठवा, गुण मिळवा, शंभर गुणांना हजार रुपये. मी निवृत्त, मोबाइल नवा, घराची गॅलरी चौकावर. सकाळी चहा घेऊन बसायचो. हेल्मेट नाही, क्लिक. तिघे एका स्कूटरवर, क्लिक. पहिले हजार आले तेव्हा बायकोला बांगडा सोडून इसवण आणली.

तिसऱ्या महिन्यात एक फोटो पाठवला, नंबर स्पष्ट, डोकं उघडं, मागून काढलेला. रविवारी आत्येभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो तर आत्येभाऊ सगळ्यांना चलान दाखवत होता. "मेल्याने गॅलरीतून काढलाय, बघ, कोपऱ्यात तुळस दिसते." तुळशीचं वृंदावन आमचं, मागच्या वर्षी त्यानेच रंगवून दिलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सोलकढी प्यायलो.

त्यानंतर फोटो बंद. तो अजून बोलतो, पण माझ्या घरी आला की गाडी लांब, वळणाआड लावतो.

काळी_पाटी

रेंट अ कारवाला आहे, परवाना असलेला. काळी पाटी, पिवळी अक्षरं. खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी "मित्राची आहे" सांगून भाड्याने देणारे आमच्या पोटावर पाय देतात, एवढंच म्हणतो. आणि गिऱ्हाइकांनो, किनाऱ्यावर गाडी घालू नका. तो गुन्हा आहे. चार बाय चार असली तरी भरतीला ते कळत नाही. गेल्या मोसमात माझी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली, सायलेन्सरमधून शिंपले निघाले.

कोथरूड_ते_कोलवा

शिंपले कोणते? तिसरे असतील तर सुकं होतं.

बोडगेश्वराक_गाऱ्हाणें

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताबा घेऊ नका. मी घेतला. शोरूममध्ये वीस गाड्या, वीस कुटुंबं आणि एकच भटजी. बिलात "हँडलिंग चार्ज" दिसला, विचारलं कसला, तर म्हणाले सगळे देतात. मी म्हटलं, लेखी द्या कसला ते. अर्ध्या तासाने तो आकडा बिलातून गेला. विमाही तिथलाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दर काढून न्या.

मग चाकाखाली लिंबं ठेवली, बोडगेश्वराला गाऱ्हाणं घातलं, आणि बाजारातून गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान. नव्या कोऱ्या सीटवर कांगलांचे घोस, सुपाऱ्यांचे घड, एक नीरफणस. फणसाचा डिंक सीटला लागला तो अजून आहे. गाडी शेजारच्या झिलाने मागितली तर आई त्याला डाग दाखवून सांगते, बाप्पाची खूण.

हिरवी_मिरची

पट्टा ओढला.

ड्रायव्हरचा स्वच्छ. मागचा डावा, अगदी शेवटी, साधारण वीतभर, तांबूस रेषा. नखाने खरवडली तर माती.

फिटर_कुडचडे

वायरिंग तपासून घ्या, खासकरून सीटखालचे सॉकेट. आणि विकणाऱ्याला फोन करा.

हिरवी_मिरची

केला. आधी म्हणाला, तसं काही नाही. मग म्हणाला, त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. मग एकदम आवाज बदलून विचारलं, "पूण तूं खंयचो?" मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. त्याची बायको माझ्या चुलत मावशीची नणंद लागते.

नियमवाला

पैसे परत देतोय का?

हिरवी_मिरची

निम्मे, दोन हप्त्यांत. आणि रविवारी जेवायला बोलावलंय. बायको म्हणते त्याच गाडीने जायचं, आणि जाताना ती मागे डाव्या बाजूला बसणार आहे.