डबा पाठवण्याआधी कॉईल तपासा
कुणीतरी म्हटलंय की गाडीचा बिघडलेला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजेच हा डबा) दुरुस्तीला पाठवण्यापेक्षा भंगारातला जुना बसवावा, स्वस्त पडतो. पडतो खरा, पण बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) माहिती ईसीयूतच असते. दुसऱ्या गाडीचा डबा लावला की स्टार्टर फिरतो, इंजिन काही सुरू होत नाही; मग कोडिंगसाठी, म्हणजे डबा आपल्या गाडीशी जुळवायला, वेगळी धावपळ. आपलाच डबा दुरुस्त होऊन आला तर सहसा ही कटकट नाही.

पण तो मुळात गेला कशाने, हे आधी बघा. माझा एकदा दुरुस्त होऊन आला, बसवला, आणि आठवड्याभरात तोच सिलिंडर पुन्हा बंद. इग्निशन कॉईल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आतून शॉर्ट होती, तिने ईसीयूतला, तिलाच चालू-बंद करणारा नवा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही जाळला. चूक माझीच. ईसीयूला 12 व्होल्ट आणि अर्थ (ग्राउंड) नीट मिळतोय का, तेही मल्टिमीटरने मोजा. सेन्सरची एखादी वायर घासून 5 व्होल्टची लाइन अर्थला लागली तरी बिघाडाचे चार-पाच कोड एकदम येतात आणि बिचारा ईसीयू बदनाम होतो.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी, त्यावर बबल रॅप, लेबलचा फोटो. आणि खोक्यात चिठ्ठी हवीच: कोड कोणते, गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर. तडकलेलं सोल्डर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर गुमान चालतं, गरम झालं की दगा देतं. हे लिहिलं नाही तर ‘दोष आढळला नाही’ म्हणून डबा जसाच्या तसा परत येतो.