मदत हवी आहे: झिंक ऑक्साइडची फिल्म भुकटीसारखी निघते, रीडिंगही टिकत नाही

रंकाळाकाठ:
गॅस सेन्सरसाठी काचेवर स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) झिंक ऑक्साइड चढवतोय. झिंक ॲसिटेट 0.1 मोलर, पाण्यात; हॉटप्लेट 450 अंशांवर, नोझल 30 सेंमी वर, दर मिनिटाला 5 मिलि. फिल्म पांढरी येते आणि बोट फिरवलं की निघते. शिवाय 300 अंशांवर इथेनॉल तपासताना नुसत्या हवेतला रेझिस्टन्स सकाळी एक, दुपारी भलताच. कोल्हापुरात पावसाची झड लागलीय, हे त्यामुळेच का?

तांबडा_पांढरा:
दोन्ही दुखणी वेगळी आहेत, एकत्र शोधू नका.

भुकटीचं आधी. थेंब काचेला टेकण्याआधीच वाळले की कण वरून नुसते पडतात, धरत नाहीत. तापमान 400 करा, पण प्लेटच्या आकड्यावर जाऊ नका. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) काचेच्या पृष्ठभागाला टेकवून मोजा, तिथे फरक हमखास निघतो. फवाऱ्याचा वेग मिनिटाला 2-3 मिलि ठेवा. दहा सेकंद फवारा, तीस सेकंद थांबा, नाहीतर काच गार पडते. तुमच्या 0.1 मोलर द्रावणाच्या 50 मिलिला झिंक ॲसिटेट डायहायड्रेट 1.1 ग्रॅम लागतं. द्रावण गढूळ दिसलं तर ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब घाला. गढूळ द्रावण नोझलमध्ये घालू नका.

साधी_काच:
रीडिंगचं बघा. झिंक ऑक्साइड एन-टाइप (इलेक्ट्रॉनांवर चालणारा अर्धवाहक), त्यामुळे पाण्याची वाफ बसली की रेझिस्टन्स उतरतो, 300 अंशांवरही. पण पावसाला दोष देण्याआधी फिल्म आणि तारा यांच्यातला संपर्क तपासा. तारा चिकटवायच्या साध्या सिल्व्हर पेस्टमधला बाइंडर (धरून ठेवणारा डिंक) या तापमानाला जळतो. व्होल्टेज-करंटची रेष सरळ येत नसेल, तर दोष बहुधा संपर्काचा, फिल्मचा नाही. मोजण्यापूर्वी सेन्सर काही तास तापलेला ठेवा.

रंकाळाकाठ:
म्हणजे हवा सिलिका जेलमधून कोरडी करून सोडू?

साधी_काच:
संपर्क तपासायला चालेल. पण कोरड्या हवेतला आकडा पावसाळ्यात उपयोगाचा नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणावरून हवा न्या, 25 अंशांना आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास धरली जाते. इथेनॉल सिरिंजने सोडत असाल तर 10 लिटर चेंबरला 100 पीपीएमसाठी (दहा लाख भागांत 100) सुमारे 2.4 मायक्रोलिटर पुरे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर असल्याने हवेचा दाब जरा कमी, म्हणून तेवढ्याच थेंबात पीपीएम थोडं जास्तच भरतं. आणि चेंबरला सिलिकॉन सीलंट लावलं असेल तर काढा. त्याची वाफ पृष्ठभागावर सिलिका होऊन बसते, ती नंतर जात नाही.