मधूनच मान टाकणारी गाडी (नेरुळ, सोसायटीचा ग्रुप)

बी-११०३: नमस्कार मंडळी. माझी २०१० ची पेट्रोल गाडी हल्ली मधूनच मान टाकते. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्', आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी चालू. काल पावसात पाम बीच रोडवर हेडलाइट, वायपर, एसी एकदम चालू होते, तर बोर्डावरचे सगळे दिवे लुकलुकले. गॅरेजात नेली की अगदी शहाण्यासारखी वागते. बॅटरी नुकतीच नवीन टाकली. आता डायनामो (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) बदला म्हणतायत. कोणी खात्रीचा ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल का?

ए-२०५: मॅडम, स्क्रॅप करा. १५ वर्षं झाली की 😀

बी-११०३: आरसी रिन्यू झालीय, पुढची ५ वर्षं मिळालीत. दुसरा सल्ला?

सी-४०२: डायनामोच. सोपी टेस्ट आहे. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन बंद पडलं की समजायचं डायनामो गेला. आमच्या पद्मिनीला हेच करायचो.

बी-३०१: नको हो, अजिबात नको! पद्मिनीला कार्बोरेटर होता. या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर आहे. चालत्या इंजिनात बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि ईसीयू जाऊ शकतो. डायनामो बघायला व्होल्ट मोजायचा मीटर आहे ना.

सी-४०२: बरं बाबा. तुम्ही कारखान्यातले इलेक्ट्रिकलवाले 🙏

सेक्रेटरी: टँकर ६ वाजता येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा.

बी-३०१: ताई, डायनामोवर आत्ता पैसे घालू नका. आधी दोन आकडे बघा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारा स्विच, सगळं लावून पुन्हा बघा. १३.५ च्या खाली जात नसेल तर डायनामो बहुतेक निर्दोष.

बी-११०३: माझ्याकडे मीटर आहे, वायफायवाल्याने विसरलेला. बघते.

बी-११०३: सकाळी १२.५. चालू केल्यावर १४.१, सगळं लावल्यावर १३.७.

बी-३०१: मग बॅटरी आणि डायनामो दोन्ही सोडून द्या. माझा संशय अर्थिंगवर आहे, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या जोडावर. बॅटरीच्या मायनसमधून एक जाड पट्टा बॉडीला जातो, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला दुसरा. सेल्फचा (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचा) सगळा करंट त्यातूनच परत येतो. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस. आतून गंज धरतो, वरून काळं आवरण झकास दिसतं. कधी जोड धरतो, कधी सोडतो. म्हणून गॅरेजात सापडत नाही.

ए-७०६: काका, गॅरेजवाला म्हणेल पट्टा ठीक आहे.

बी-३०१: डोळ्यांनी तो ठीकच दिसतो. मोजायचं असं: मीटर डीसी २० वर. काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लँपवर नाही, खांबावरच), लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर रस्त्यात अडथळा आहे. आणि हे 'टक्' होत असताना मोजा. चांगली चालतेय तेव्हा सगळेच आकडे चांगले येतात.

सी-४०२: एक्सलरेटरची केबल गरम लागते का बघा. आमच्या एका गाडीला असंच होतं. इंजिनाला अर्थ नाही मिळाला की करंट केबलमधून वाट काढतो.

बी-३०१: बरोबर, हे खरंय 👍 केबल त्याने जळतेसुद्धा.

ए-२०५: उंदीरही बघा. आमच्या विंगच्या खाली वायर कुरतडतात. डांबरगोळ्या ठेवल्या तरी फरक पडत नाही.

बी-३०१: बघा, पण उंदराने खाल्लेली वायर सहसा एकच वस्तू बंद करते. इथे सगळे दिवे एकत्र लुकलुकतात, म्हणजे सगळ्यांचा जो सामाईक रस्ता आहे तिकडे जा. ताई, आणखी एक विचारतो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो का?

बी-११०३: हो! डावा मागचा. ते वेगळं काहीतरी आहे असं वाटलं होतं.

सेक्रेटरी: टँकर आला. बी विंगची निळी गाडी अजून तिथेच आहे. कृपया.

बी-११०३ (रविवार): आज 'टक्' झालं तेव्हा मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन ते मायनस: १.७ व्होल्ट. काका पार्किंगमध्ये होतेच. पट्टा काढला तर टोकाच्या लगच्या (बोल्टखाली कसतात त्या धातूच्या कडीच्या) आत तांब्याचं हिरवं-काळं पीठ झालेलं.

बी-३०१: बदलला. मायनस आधी काढून, शेवटी लावून. बॉडीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट कसले आणि वरून व्हॅसलीन. आता तेच मोजमाप ०.१ च्या आत आहे.

ए-७०६: म्हणजे डायनामोचा खर्च वाचला.

बी-११०३: वाचला. मात्र ब्रेकवर डावा इंडिकेटर अजून मिणमिणतोय.

बी-३०१: तो वेगळा अर्थ आहे, मागच्या दिव्याच्या होल्डरचा. ब्रेकचा करंट परतीचा रस्ता शोधत इंडिकेटरच्या बल्बमधून जातो. दिवा काढून होल्डरचा मागचा पिन आणि काळ्या वायरचा स्क्रू बघा. चार वाजता खाली येतो, १० चा पाना तुमच्याकडेच राहिलाय.