विज्ञानाच्या वहीतले लेखन कोणी शिकवायचे?

गणित शिक्षक, धुळे : प्रत्येक विषयात विद्यार्थ्यांकडून लेखन करून घ्यावे, हा आग्रह मला मान्य नाही. लेखन शिकवणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे. गणित-विज्ञानाच्या तासाला परिच्छेद लिहून घेत बसलो, तर अभ्यासक्रम पूर्ण कधी करायचा?

विज्ञान शिक्षिका, चोपडा : हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतला ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न लेखनाचाच आहे, आणि मुले त्याची उत्तरे गाईडमधून घोकतात, कारण स्वतःला उमगलेले कारण स्वतःच्या वाक्यात मांडण्याची संधी आपण त्यांना वर्षभर देत नाही. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवणे म्हणजे लेखन नव्हे. मी वर्गात ओले फडके सावलीत वाळत टाकले आणि पाणी कुठे गेले ते पाच ओळींत लिहायला सांगितले. एकाने लिहिले, ‘फडकं तापनं नही, तरी पानी कसं उडी गयं?’ पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, ही त्याची समजूत मला त्या ओळीत दिसली; तोंडी विचारले असते तर तो ‘बाष्पीभवन’ म्हणून मोकळा झाला असता. शिक्षकांना मदत हवी आहे ती नेमकी इथे : काय लिहायला सांगावे आणि त्यातले काय वाचावे. सगळ्या वह्या तपासण्याची गरज नाही. काही वाचाव्यात आणि पुढचा तास तिथून सुरू करावा.

गणित शिक्षक, धुळे : शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी 35 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक सांगतो, माझ्या तुकडीत साठाहून अधिक मुले आहेत, आणि मतदार याद्यांचे काम वेगळेच. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ची कोरी पाने घातली गेली. माझ्या वर्गात त्यांवर गाईडमधली उत्तरेच उतरली, आणि पुढे शासनाने ती योजना मागे घेतली.

मराठी शिक्षक, अमळनेर : पाने वाया गेली, कारण त्यांवर काय लिहून घ्यायचे हे शिक्षकांना कोणी दाखवले नाही. पण बाईंनाही विचारतो, ‘पानी’ आणि ‘नही’ तसेच सोडायचे का? दहावीत गुण जातात तेव्हा बोलणी मला बसतात.

पालक, पारोळा : अहिराणी ही चूक नव्हे. बहिणाबाईंची अहिराणी पाठ्यपुस्तकात चालते आणि आमच्या मुलांच्या वहीत तिच्याभोवती लाल गोल का?

वाचक, यावल : बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे, अहिराणी नव्हे. हे किती वेळा सांगायचे?

पालक, पारोळा : बोलीच्या सीमा आखत बसण्यापेक्षा मुद्द्याला उत्तर द्या. माझ्या मुलीने लाल गोलांच्या भीतीने लिहिणेच सोडले आहे, त्याची भरपाई कोण करणार?

वाचक, यावल : मुद्द्यालाच उत्तर देतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. टिपताना त्यांची बोली कोणी शुद्ध केली नाही. मुलीबद्दलचे तुमचे म्हणणे मला पटते, बोलीबद्दलचे मात्र नाही.

शिक्षिका, धडगाव : आपण दोघे ज्या बोलींसाठी भांडता, त्यांपैकी एकही माझ्या वर्गात बोलली जात नाही. मुलांच्या घरी पावरी आहे. मी आधी त्यांना पावरीत बोलू देते, मग येईल तशा मराठीत लिहू देते; शुद्ध प्रत शेवटी. पहिल्याच ओळीला शुद्धलेखन मागितले, तर वही कोरीच परत येते.

मराठी शिक्षक, अमळनेर : कच्चे लेखन न तपासता सोडायला माझी हरकत नाही. मात्र महिन्यातून एक पक्की प्रत माझ्याकडे यावी, आणि तीत विज्ञान बरोबर आहे की नाही हे बाईंनी पाहावे. भाषेची जबाबदारी माझी, बाष्पीभवनाची नाही.

विज्ञान शिक्षिका, चोपडा : हे मला पूर्ण मान्य आहे.

गणित शिक्षक, धुळे : एका तुकडीत, एका घटकापुरते करून पाहीन, चक्रवाढ व्याज घेतो. केळीसाठी काढलेले कर्ज दुसऱ्या वर्षी अपेक्षेपेक्षा जास्त का वाढले, एवढेच लिहायला सांगेन. साठ वह्यांपैकी किती वाचायच्या हे मात्र मी ठरवीन, मुख्याध्यापक नव्हेत.