मदत हवी आहे: टीबीची औषधं चालू, पण दुखणं वेगळंच असेल का?

मंडळी, आईबद्दल विचारायचंय. वय ५४. खोकला, थुंकीत रक्त. एक्स-रेत पोकळी दिसली म्हणून टीबीची औषधं सुरू केली. थुंकी दोनदा तपासली, सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणीही केली, सगळं निगेटिव्ह. दोन महिने गोळ्या घेऊन काडीचा फरक नाही. रोज सकाळी नाकातून रक्ताळलेल्या खपल्या निघतात, तिचे रुमाल मीच धुते. आता लघवीला फेस येतो, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९, म्हणजे वाढलेलं. नवे डॉक्टर म्हणाले, जीपीए असेल, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती उलटते असा) आजार. त्यासाठीच्या सी-अँका, पीआर-३ या रक्ततपासण्या तातडीने करा. रक्त उद्याच देतोय.

कुणाच्या घरी असं झालंय का? बायोप्सी नाकाची केली की किडनीची? स्टेरॉइड द्यायच्या आधी टीबी नाहीच, हे कसं पक्कं केलं? पुण्यातले चांगले रुमेटॉलॉजिस्ट (अशा आजारांचे डॉक्टर) सुचवा, प्लीज.