मदत हवी आहे: मुठीतल्या नेब्युलायझरचा माउथपीस तडकलाय, मुंबईत सुटा मिळेल का?

अबोली_भांडुप

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार आहे. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, वर विडी, त्यामुळे फुफ्फुसांचं रडगाणं जुनंच. आधी कॉम्प्रेसरवाला मोठा नेब्युलायझर (औषधाची वाफ करून देणारं मशीन) होता. त्याच्या घरघरीने शेजारचं तान्हं उठायचं आणि गावी जाताना ते लटांबर कोण उचलणार यावरून घरात वाद. म्हणून नवऱ्याने बॅटरीवरचा मेश नेब्युलायझर आणला. आवाज नाही, कोकणकन्येच्या बर्थवर बसूनही वाफ घेता येते. बाबा खूश होते.

आता भानगड अशी की माउथपीस औषधाच्या कपावर जिथे बसतो तिथे केसाएवढी चीर गेली आहे. तोंडाकडच्या टोकाला दातांचे खड्डे पडलेत, कारण बाबा तो विडीसारखा दातात धरतात. आतून पांढरट थर आहे, घासून जात नाही. वाफ चिरेतून बाहेर येते. अडीच मिलीचं रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) पूर्वी दहा मिनिटांच्या आत संपायचं, आता वीस मिनिटं झाली तरी कपात औषध शिल्लक.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला. म्हणे सुटा माउथपीस येत नाही, कपासकट पूर्ण सेट घ्या, आणि सेट सध्या स्टॉकमध्ये नाही. इकडे नवरा फेविक्विक घेऊन बसलाय, त्याला कसाबसा थोपवून धरलाय.

दुसऱ्या कुठल्या मशीनचा माउथपीस बसतो का? तोवर मास्क लावला तर चालेल का? आणि हे धुवायचं नक्की कसं? मॅन्युअलमधली अक्षरं मुंगीएवढी, त्यात मराठी नाहीच.

साडेसातची_स्लो

शीर्षक अर्धंच वाचलं आणि वाटलं कोणीतरी व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा माउथपीस शोधतंय. त्यावर 2019 पासून देशात बंदी आहे असं लिहायला सरसावलो होतो. असो. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठा. तिथे सर्जिकल सामानाची दुकानं ओळीने आहेत. जुना माउथपीस आणि कप दोन्ही पिशवीत घेऊन जा, फोटो दाखवून काम होत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

कोरांटी

फेविक्विक अजिबात नको. ज्या तोंडातून माणूस श्वास आत ओढणार तिथे गोंद कसला लावताय! आणि रोज धुण्यात तो जोड टिकणारही नाही.

परळची_सिस्टर

अबोलीताई, छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दोन तक्रारी एकत्र बांधल्यात, त्या सोडवून बघा. चिरेतून वाफ गळते, म्हणजे बाबांना औषध कमी जातं. पण कपातलं औषध संपायला दुप्पट वेळ लागतो तो चिरेमुळे नाही. नुसता माउथपीस बदललात तर पैसे जातील आणि वीस मिनिटं तशीच राहतील. वेळ वाढला की संशय मेशवर घ्यायचा. त्या पातळ पत्र्याला काही मायक्रॉनची भोकं असतात, पत्रा थरथरतो आणि औषध त्यातून ढकललं जातं. कपात उरलेलं सलाइन वाळलं की मिठाचे कण भोकांत बसतात. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइडही देत असाल तर ते पाण्यात पूर्ण विरघळत नाही, कणरूपात तरंगतं, त्याचाही थर धरतो.

माउथपीसच्या मापाचं सांगते. कॉम्प्रेसरच्या मशीनला टी आकाराचा जोड असतो, तिथे 22 मिमीचं माप ठरलेलं आहे, कुठल्याही कंपनीचा माउथपीस सहसा बसतो. मेशवाल्या छोट्या मशीनचं तसं नाही. ज्याने त्याने आपापली खाच ठेवलीय, काहींचं तोंड तर अंडाकृती असतं. दाबून बसवलेला परका माउथपीस कपाची कडा ताणतो. शिवाय काहींत उच्छ्वास बाहेर जायला सिलिकॉनची पातळ पाकळी असते. ती नसलेला लावलात तर बाबांचा श्वास उलटा कपाकडे येईल.

मास्क चालतो, पण तोंडाने नीट धरता येत असेल तर माउथपीसच बरा. मास्कमध्ये बरंच औषध चेहऱ्यावर आणि नाकात अडकतं. इप्राट्रोपियम (श्वासनलिका मोकळी करणारं द्रव्य) असलेलं औषध सैल मास्कमधून डोळ्यांत गेलं तर नजर धूसर होते, काचबिंदू असलेल्यांनी तर फार जपायचं. ब्युडेसोनाइडनंतर गुळणी करायला लावा, मास्क असेल तर चेहराही पुसा.

एक विचारते. माउथपीस पुसायला काय वापरता?

अबोली_भांडुप

बाबा स्वतःच पुसतात. करोनापासून खिशात सॅनिटायझरची बाटली असते, रुमालावर दोन थेंब घेऊन खसाखसा. आम्हाला हातही लावू देत नाहीत.

परळची_सिस्टर

मग चिरेचा उलगडा झाला बहुतेक. पॉलिकार्बोनेटसारखं कडक पारदर्शक प्लास्टिक अल्कोहोलने ठिसूळ होत जातं, आणि जिथे ताण असतो, म्हणजे जोडाच्या कडेला, तिथेच तडकतं. बाबांची बाटली फक्त हातांपुरती ठेवा.

धुणं असं: वाफ झाली की उरलेलं औषध ओता, माउथपीस आणि कप पाण्याखाली धरा. दिवसातून एकदा कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. ब्रश, टाचणी, कानातली काडी यांपैकी काहीही मेशला लावायचं नाही, बोटही नाही. शेवटचं खंगाळणं उकळून गार केलेल्या पाण्याने. मग झटकून स्वच्छ कापडावर उपडं ठेवा, पुसू नका, पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात नको. ओलसर डबा म्हणजे जंतूंची चंगळ, त्यात आपला पावसाळा. उकळण्याबद्दल मॅन्युअल बघाच. परवानगी असेल तर पाच मिनिटं पुरतात, पण मेशचा भाग सगळ्या मशीनचा उकळता येत नाही.

निवांत_कांजूर

पाण्याचं एक जोडतो. पालिकेचं पाणी तलावांचं, भातसा-वैतरणेचं, त्याने क्षार फारसे धरत नाहीत. सोसायटीत टँकर किंवा बोअरिंगचं मिसळत असेल तर पांढरा थर त्याचाही असू शकतो. आमच्या गीझरच्या कॉइलवर बघितलाय. उकळून सगळे क्षार जात नाहीत, उरलेले उलट दाट होतात. त्यामुळे शेवटच्या पाण्याला केमिस्टकडची स्टराइल वॉटरची बाटली आणतो. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणू नका, स्वस्त दिसतं म्हणून मोह होतो.

परळची_सिस्टर

+1. आणि सेट येईपर्यंत जुना कॉम्प्रेसर माळ्यावरून काढा की! त्याचं नवं किट साध्या केमिस्टकडेही मिळतं. मशीनचा फिल्टर काळपट झाला असेल तर तोही बदला. नळी आतून धुवायची नाही, दमट वाटली तर औषधाचा कप काढून नुसती हवा सोडा. शेजारच्या बाळाची आई चार दिवस समजून घेईल. गळक्या मशीनवर बाबांना ठेवू नका, आणि धाप वाढली, बोलताना वाक्य तुटायला लागलं तर मशीनशी खेळत न बसता थेट दवाखाना गाठा.

अबोली_भांडुप

सगळ्यांचे आभार. कॉम्प्रेसर खाली काढला, नवं किट लावलं, चालतोय. प्रिन्सेस स्ट्रीटलाही जाऊन आले. दोन दुकानदारांनी "बसेल हो ताई" म्हणून भलतेच माउथपीस पुढे केले, पैकी एकाला पाकळीच नव्हती. तिसऱ्याने मात्र कप हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाला, मेश गेलीय, आमचं काही घेऊ नका, कंपनीचाच सेट घ्या. त्याने त्याच्या डीलरकडे सांगून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात येईल. सिस्टर, तुमचंच म्हणणं निघालं.

आता शेवटचा प्रश्न. सेट किती दिवसांनी बदलायचा? आणि दातांचं काय करू?

परळची_सिस्टर

तारखेपेक्षा वेळ बघा. नवा सेट आला की पहिलं रेस्प्यूल किती मिनिटांत संपतं ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. नीट धुऊनही वेळ बराच वाढला की मेश संपली समजायचं. माउथपीस मात्र चीर, खड्डे किंवा न जाणारा वास दिसला की लगेच टाका, खड्ड्यांत जंतू बसतात. परवडत असेल तर एका वेळी दोन सेट घ्या, एक वाळत असताना दुसरा वापरता येतो.

दातांसाठी: ओठ घट्ट मिटायचे, दात नुसते टेकवायचे. कवळी असेल तर ती घालूनच बसवा, नाहीतर पकड सुटते म्हणून माणूस हिरडीने दाबतो.

अबोली_भांडुप

कवळी आहे, आणि वाफेच्या वेळी ती वाटीत असते! आज संध्याकाळी बसवते बाबांना.