मदत हवी आहे: कॉकटेलचं पिल्लू दाणे फोडतंय, पण वजन रोज उतरतंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी. पक्षी पाळायचा अनुभव शून्य आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या. घाई आहे म्हणून रात्री साडेअकराला लिहायला बसलेय.

रविवारी घरी कॉकटेलचं पिल्लू आणलं. (खरं नाव कॉकाटील, हे नंतर कळलं. दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात, आता घरातही तेच रुळलंय.) राखाडी अंग, गालावर शेंदरी टिकली, डोक्यावर विस्कटलेला तुरा. लेकाने नाव ठेवलंय हुरडा. दुकानदाराने वय सात आठवडे सांगितलं, सतराशे रुपये घेतले, वर राळा-बाजरीची मिक्स पिशवी दिली. स्वतःचं स्वतः खातंय का, असं मी दोनदा विचारलं. "खातंय की ओ ताई, बघा की," म्हणत त्याने वाटी पुढे धरली आणि पिल्लाने खरंच एक दाणा उचलून फोडला. आम्ही खूश.

आमचं घरगुती शेंगाचटणीचं काम आहे, त्यामुळे ग्रॅम-ग्रॅम दाखवणारा काटा घरातच असतो. सोमवारी सकाळी लेकाने हौसेनं हुरड्याला काट्यावर बसवलं. ७९ ग्रॅम. चटणीच्या शंभराच्या पुडीपेक्षा हलका, म्हणून पोरगं दिवसभर हसत होतं. मंगळवारी ७६. आज सकाळी ७२. आता कोणी हसत नाहीये.

बरं, वाटीकडे बघून मला वाटायचं की हा भरपूर खातोय, कारण वर सगळी फोलपटं. आज दुपारी काय मनात आलं, पिंजऱ्याच्या तळाचा कागद उचलला, त्यावरचं सगळं सुपात घेतलं आणि पाखडलं. निम्मं आयुष्य शेंगदाण्याची साल पाखडण्यात गेलंय, हात आपोआप चालतो. फोलपट उडून गेलं आणि सुपात राहिला सोललेला दाणा. राळ्याचे पिवळे बारीक कण, चांगला पोह्याचा चमचाभर. म्हणजे हा दाणा फोडतो, चोचीत घोळवतो आणि खाली टाकतो. पोटात काहीच जात नाही.

शी अगदी थोडी आणि गडद हिरवी. मी जवळ गेले की मान खालीवर करत एकसुरी करकर सुरू होते ती थांबतच नाही. लेक म्हणतो, लाडात आलाय. हात आत घातला की मात्र सापासारखा फुसकारतो. जेवल्यावर गळ्याखालची पिशवी फुगलेली लागते असं एका व्हिडिओत होतं. चाचपून बघितलं तर नुसती सैल कातडी.

जनावरांच्या दोन डॉक्टरांना फोन केला. एक म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्यांनी "दाणे बदलून बघा" सांगून फोन ठेवला.

घरात सासूबाईंचं वेगळंच. त्यांच्या माहेरी राघू होता, तो म्हणे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि दूध-पोळी खाऊन पंधरा वर्षं जगला. काल मी पुड्या भरत बसले होते तेवढ्यात त्यांनी हुरड्याला दूध-पोळीचा घास दिला. त्याने थोडा खाल्ला, हेही खरं. त्यामुळे आता मी गुन्हेगार, लेकराला उपाशी ठेवणारी. मिरचीचा देठ पिंजऱ्यात अजून लटकतोय, मला काढायचा धीर होत नाही.

घराचंही सांगते, कारण उद्या कोणीतरी विचारेलच. आम्ही पूर्व भागात राहतो. खाली मागच्या बाजूला यंत्रमाग, वर आमची पत्र्याची माडी. आत्ता मार्चमध्येच दुपारी पत्रा तापतो. शेजारच्या अक्का सामायिक व्हरांड्यात विड्या वळतात, तंबाखूचा भुगा उडतो. देवघर पिंजऱ्यापासून पाच-सहा हातांवर, सकाळ-संध्याकाळ धूप. चटणीसाठी दाणे भाजायचं काम त्याच मजल्यावर, पण लोखंडी कढईत. डोशाचा तवा तेवढा नॉनस्टिक आहे.

काल रात्री वीज गेली, माग बंद पडले आणि त्या शांततेने हा बिथरला! अंधारात पिंजऱ्याला धडका, तीन पिसं खाली. दिवसभर खटखटाटात झोपतो आणि शांत झालं की घाबरतो, अगदी आमच्यासारखाच.

तर मुख्य प्रश्न: ही भूक आहे, आजार आहे की नव्या जागेचं बुजणं? सकाळपर्यंत थांबू का? दुसरं, अक्कांचा भाऊ म्हणतो, हे परदेशी नाजूक पाखरू परत करा, तीनशेत राघूचं पिल्लू आणून देतो, ते दगड पचवतं. काय करू?

पहिला प्रतिसाद

ताई, तुम्ही सुपात जे शोधलंत ते अर्ध्या दुकानदारांना माहीत नसतं, नाहीतर माहीत असून ते सांगत नाहीत. माझ्याकडे नऊ वर्षं कॉकटेल आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. हुरडा उपाशी आहे. करकर म्हणजे लाड नाही, "भरव" म्हणतोय तो. या वयात पिल्लं दाणे फोडायला शिकतात, खायला नंतर. आठ ते दहा आठवड्यांपर्यंत बऱ्याच पिल्लांना हाताने भरवावं लागतं. उडायला लागताना वजन थोडं उतरतं, पण तीन दिवसांत सात ग्रॅम ही जवळजवळ दहा टक्के घट झाली आणि पिशवी रिकामी आहे. थांबू नका.

सकाळी दुकान उघडायच्या आत दारात जा. भांडू नका, ते नंतर. जो माणूस पिल्लं भरवतो त्याला तुमच्यासमोर एकदा भरवायला लावा आणि नीट बघा. हे वाचून येत नाही. सिरिंजने घाईत ढकललं तर खाणं श्वासनलिकेत जातं आणि पाखरू जागेवर जातं. नवख्याने कडा आत वाकवलेला चमचा वापरावा, तो स्वतः ओढून घेतो.

पिल्लांची हँडफीडिंग पावडर आणा. लहान बाळांची डब्यातली पावडर नको, त्यात दूध असतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात सैल पिठल्याइतकं कालवा. भरवताना ते ३९ ते ४१ अंश हवं आणि हे थर्मामीटरनेच बघायचं, बोटाने नाही. गार असेल तर पिशवीत तसंच पडून आंबतं, फार गरम असेल तर पिशवी आतून भाजते आणि ते दोन-चार दिवसांनी कळतं. मायक्रोवेव्ह नको, मध्येच कढत गोळे राहतात. एका वेळी सहा-सात मिली, दिवसातून तीनदा, आणि रात्रीतून पिशवी पूर्ण रिकामी व्हायला हवी. नाही झाली, उलटी केली, फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसला किंवा शेपूट श्वासाबरोबर हलायला लागली तर पुण्याचा रस्ता धरा. अडीचशे किलोमीटर आहे, पण तिथे पक्षी बघणारे डॉक्टर मिळतात. पाखरं आजार लपवतात. दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून तुमचा तो काटा सोन्याचा आहे. रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, वजन लिहून ठेवा.

सासूबाईंना दूध-पोळीचं सांगा की पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. मिरचीच्या बाबतीत मात्र त्याच बरोबर आहेत! पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, ती जाणीवच त्यांच्यात नसते. देठ राहू द्या. भिजवलेली डाळ या उन्हात दोन-तीन तासांत आंबते, त्यापेक्षा शिजवलेली द्या. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, उकडलेला लाल भोपळा आत्तापासून समोर ठेवा, खाल्लं नाही तरी ओळख होते. खाली टाकतो म्हणून बंद करू नका. सूर्यफुलाच्या बिया कमी, चरबी फार. खवट किंवा बुरशी धरलेला शेंगदाणा तर अजिबात नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा बंद. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो जाळीला बांधा. पक्ष्यांच्या दुकानात तोच तिप्पट किमतीला विकतात.

तो नॉनस्टिक तवा आजच दुसऱ्या घरी देऊन टाका. रिकामा तवा गॅसवर जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात, तुम्हाला वासही येत नाही. धूप, मच्छर अगरबत्ती आणि तंबाखूचा भुगा हे त्याच रांगेत, फक्त सावकाश. पिंजरा व्हरांड्याच्या विरुद्ध टोकाच्या खोलीत हलवा. वीज जाऊन बिथरणं हे कॉकटेलांचं जुनं दुखणं, रात्री चार्जिंगचा बारीक दिवा लावून ठेवा. आणि पिंजरा उघडाल तेव्हा पंखा बंद. यावर जास्त लिहीत नाही, माझी पहिली मादी त्यातच गेली.

दुसरा प्रतिसाद

राघूच्या ऑफरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. नाही म्हणा, आणि जरा ठणकावूनच. आपला कंठवाला पोपट, करण पोपट, तोईपोपट हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं, सगळंच गुन्हा. तीनशे रुपयांना येणारं पिल्लू ढोलीतून ओढून काढलेलं असतं आणि तीनशेचं एक जगतं तेव्हा वाटेत बाकीची मेलेली असतात. सासूबाईंच्या माहेरचा राघू बहुतेक हा कायदा लागू होण्याआधीच्या काळातला, त्यावरून त्यांना टोचू नका.

कॉकटेल मूळचं ऑस्ट्रेलियाचं, पिंजऱ्यातच पैदास होणारं, त्याला ही अडचण नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोन्युर असल्या परदेशी पक्ष्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. कॉकटेल आणि बजरीगर त्या यादीत नाहीत. पण पावती मागून घ्या, असलेली बरी.

धागाकर्ती, गुरुवार रात्र

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. पहाटे काटा ७१. साडेनऊला दुकानाच्या शटरसमोर मी, लेक आणि बुटाचं खोकं. दुकानदार आधी "होतंय असं, बुजलंय" म्हणाला. मी सुपातली पुडी बांधून नेली होती, तीच काउंटरवर सोडली. सोललेले दाणे बघितले आणि गप्प झाला. आतून एक पोरगा आला, असेल अठराचा, त्याने मांडीवर फडकं घेतलं, चमचा धरला आणि हुरडा त्या चमच्यावर असा तुटून पडला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मान ठोकत, पंख थरथरवत. तीन मिनिटांत गळ्याखाली लिंबाएवढी गोळी. त्या पोराने दुसरा घास माझ्याकडून भरवून घेतला, माझा हात थरथरत होता तर म्हणाला, "काकू, तुम्ही धरून ठेवा फक्त, घेतोय तो." पावडर तिथेच घेतली. दुपारी आणि रात्री घरी भरवलं. फडकं, टेबल, माझा गाऊन, सगळीकडे पिठलं.

तवा नणंदेकडे गेला. अक्कांनी विनंती न करताच सूप-तंबाखू व्हरांड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवलं, उलट "आधी का नाही सांगितलं" म्हणून रागावल्या. त्यांच्या भावाला मी ठणकावलं नाही, तेवढं धाडस झालं नाही, पण कायद्याचं सांगितलं. त्याला नवीन होतं.

धागाकर्ती, पुढचा बुधवार

७१, ७३, ७४, ७७, ७८, ८०. आज ८१. शी घट्ट हिरवी आणि त्यावर पांढरं, जशी हवी म्हणता तशी. भरवणं आता दोनदाच, दुपारचं तो स्वतःच नाकारतो, मान फिरवतो.

पत्र्याचं अजून सुटलेलं नाही. सध्या पिंजरा दुपारी खालच्या जिन्याखाली नेते, वर ओलं गोणपाट टाकते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. कूलरचा झोत थेट लागू न देता ती खोली गार कशी ठेवायची, कोणी पत्र्याच्या घरात केलं असेल तर सांगा. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून सोडले, की उन्हाचा त्रास, एवढं वाचून ठेवलंय.

आणि एक. सासूबाईंनी मंगळवेढ्याहून आलेल्या ज्वारीतलं एक कणीस मला न विचारता पिंजऱ्यात बांधलं. मी बोलणार होते, पण हुरडा त्यावर उलटा लटकून टकटक करत बसला, तर म्हटलं राहू दे. संध्याकाळी सवयीने तळाचा कागद उचलला, सुपात घेतला, पाखडला. सगळं उडून गेलं, सुपात काही राहिलं नाही.